नाव कोरलेला डबा

जपानमधल्या माझ्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, मी टोकियोतल्या एका जुन्या चहागृहात असायला हवा होतो. गवती चटईवर पाय दुमडून, हिरव्या चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यावर अंतर्मुख भाव आणून. जागा सहा महिने आधी राखली होती. अंतर्मुख भावाचा सराव तर त्याच्याही आधीपासून चालू होता. प्रत्यक्षात त्या वेळी मी कावासाकीतल्या एका सहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, करपलेल्या बेसनाच्या धुरात, ओला पंचा नाकाला लावून उभा होतो आणि छतावरचं एक यंत्र जपानीत माझ्यावर ओरडत होतं.

ह्या सगळ्याला कारण एक डबा.

निवृत्त झाल्यावर मी एकट्याने जपान बघायचं ठरवलं तेव्हा आमच्या सोसायटीत मी स्पष्ट सांगितलं होतं, की ही ट्रिप नव्हे, हा सांस्कृतिक प्रवास आहे. ट्रिपला लोक ठेपले, चिवडा आणि लोणच्याची बरणी घेऊन जातात आणि क्योतोच्या देवळासमोर बसून पुण्याचं खाऊन येतात. आपण त्यातले नाही. नयनाने, म्हणजे माझ्या बायकोने, बॅगेत मेतकूट घातलं होतं ते मी तिच्यादेखत बाहेर काढलं. "ज्या देशात जावं तिथलं अन्न खावं, नाहीतर घरी बसावं," असं मी म्हणालो. नयनाने मेतकूट फळीवर ठेवलं आणि "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं"ला मी घाबरायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या प्रभावतीकाकू कठड्याला धरत धरत खाली आल्या. त्यांचा मुलगा नचिकेत त्सुकुबाला संशोधन करतो, बायको जपानी, पाच वर्षांची एक मुलगी. सहा वर्षांत त्याला यायला जमलेलं नाही आणि काकूंना जाणं झेपत नाही. काकूंच्या हातात स्टीलचा डबा होता, झाकणापर्यंत बेसनाच्या लाडवांनी भरलेला. पोटावर नाव कोरलेलं : सौ. प्रभावती श्रीधर खांबेटे.

"शिरीषराव, एवढं नेता का? बोटं वळत नाहीत आता. चार दिवस लागले वळायला. हे शेवटचेच. डॉक्टरांनी झारा हातात धरायला बंदी केलीय."

मी "नेतो की, त्यात काय" म्हणालो आणि त्यांना माझा कार्यक्रम वाचून दाखवायला लागलो. ही खरी गोष्ट आहे. बाई आयुष्यातले शेवटचे लाडू माझ्या हातात देत होती आणि मी तिला दगडी बागांची माहिती देत होतो.

त्सुकुबा माझ्या कार्यक्रमात नव्हतंच. विज्ञाननगरी ती, संस्कृतीच्या वाटेत कशी येणार? डबा अगदी शेवटी देऊ, असं मी ठरवलं. आमच्यासारख्यांनी परदेशात केलेल्या चुकांमध्ये ही पहिल्या नंबरची असावी. उपाशी माणसाच्या खोलीत बेसनाचे लाडू दोन आठवडे ठेवायचे नसतात.

कारण असं, की मी शाकाहारी आहे आणि जपानी स्वयंपाक तसा नाही. वरवर बघावं तर भाजी, टोफू, शेवया, सगळं सात्त्विक. पण खाली प्रत्येक वाटीत माशाचं पाणी. पहिल्या दिवशी मी ते न कळता प्यालो आणि "काय खोल चव आहे!" म्हणालो. कळल्यावर दोन दिवस नुसता भात खाल्ला. तिसऱ्या संध्याकाळी क्योतोच्या त्या वीतभर खोलीत मी डबा उघडला, लाडू खराब तर झाले नाहीत ना हे बघायला. दुसऱ्याची वस्तू सांभाळायची म्हणजे तपासायला नको? एक तपासला. चांगला होता. एकावरून सगळ्यांचं कसं ठरवणार, म्हणून खालच्या थरातला एक तपासला. मग वरचा थर वेडावाकडा दिसायला लागला, तो सारखा केला. थर सारखा करायची पद्धत अशी, की उंच दिसतो तो लाडू काढायचा. काढलेला लाडू परत ठेवायला जागा राहत नाही.

अशा रीतीने मी क्योतो, नारा आणि हिरोशिमा बघितलं. दगडी बागेसमोर बसून मी शून्याचं चिंतन केलं असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. चिंतन डब्याचं चाललं होतं. रोज रात्री "आता पुरे" म्हणायचो आणि ते मनापासून म्हणायचो.

शेवटचे दोन दिवस मी कावासाकीला अनघाकडे उतरलो. अनघा म्हणजे नयनाची भाची. तिचा नवरा अनुराग तिथल्या आयटी कंपनीत आहे आणि तो घरी फक्त अंघोळीला येतो. शेवटच्या दिवशी सकाळी नचिकेतचा फोन आला.

"काका, येताय ना आज? आई रोज विचारतेय. मी स्टेशनवर येतो घ्यायला."

"म्हणजे काय, येणारच!" मी म्हणालो आणि फोन ठेवून डबा उघडला. तळाशी एक लाडू होता. मध्यभागी, बेदाणा वर करून, माझ्याकडे बघत.

बाकीचे मीच खाल्लेले असूनही मला धक्का बसला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते असं. काकूंची ती वाकडी बोटं डोळ्यांसमोर आली. दोन आठवड्यांत ती एकदाही आली नव्हती.

मी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाळासाहेब यांना फोन लावला. माझ्या एका मित्राबद्दल म्हणून विचारलं. बाळासाहेबांचा पासपोर्ट अजून कोरा आहे, पण परदेशातल्या अडचणींवर सल्ला त्यांच्याइतका कुणी देत नाही.

"तुमच्या त्या मित्राला सांगा," ते म्हणाले, "कस्टमवाल्यांनी काढून घेतले म्हणावं. कस्टमवाल्यांना कोण विचारायला जातंय? आणि एक शिल्लक आहे ना? बेस्ट. म्हणावं, हात जोडून एक तरी वाचवला. उलट उपकार होतील."

मला हे पटलं, हे कबूल करायला हवं. पण अनघा दारात उभी राहून ऐकत होती.

"काका, खोटं कशाला? आपण करू ना लाडू. इथे इंडियन स्टोअर आहे, बेसन मिळतं. तुमचं चहाचं कधी आहे?"

"दुपारी."

"मग होतंय की."

अनघाने बेसन आणून दिलं, भाजायची रीत तोंडी सांगितली आणि ऑनलाइन मीटिंगला आतल्या खोलीत जाऊन बसली. जाताना "मंद आचेवर" असं तीनदा म्हणाली. मंद आचेवर बेसन भाजायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. मला चहाला जायचं होतं. मी आच वाढवली.

पुढचं थोडक्यात सांगतो. बेसन आधी पिवळं होतं, मग बराच वेळ पिवळंच राहिलं, मग मी चहागृहाचा पत्ता बघायला फोन उचलला आणि तेवढ्यात ते काळं झालं. पिवळं आणि काळं ह्यांच्या मध्ये एक बदामी रंग येतो म्हणतात, तो मला दिसला नाही. छतावरचं यंत्र बोंबलायला लागलं. मी त्याला "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणजे माफ करा, माफ करा म्हणत पंच्याने वारा घालत होतो. अनघा हेडफोनसकट धावत आली. मागोमाग इमारतीचे व्यवस्थापक ओकादा-सान, म्हणजे ओकादाराव, आले, हातात अग्निशामक नळकांडं. त्यांनी कढईत बघितलं आणि अनघाला अतिशय मृदू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"विचारतायत, हा काही धार्मिक विधी होता का."

मी मान खाली घातली. तीच माझी त्या दिवशीची अंतर्मुखता. चहा गेलाच. चहागृहाकडून विनम्र निरोप आला की दार बंद झाल्यावर आत घेता येत नाही, आणि माझ्या अनुपस्थितीबद्दल त्यांनीच दिलगिरी व्यक्त केली.

करपलेलं बेसन अनघाने पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. "काका, आमच्याकडे जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस परवा आहे. तोवर हा वास घरात नको. ओकादा-सान आधीच बघून गेलेत. वाटेत कुठे टाकता आलं तर बघा." नवी तूप-बेसनाची खटपट करायला वेळ उरला नव्हता. तिने डबा एका कापडी पिशवीत घातला, बेसन तसल्याच दुसऱ्या पिशवीत. मोठी बॅग कुरियरने विमानतळावर आधीच गेली होती. दोन्ही हातांत एकसारख्या पिशव्या धरून मी निघालो. एका पिशवीत एक लाडू, दुसरीत किलोभर कोळसा.

वाटेत टाकता आलं तर बघा! जपानमध्ये रस्त्यावर कचऱ्याची पेटी सापडेल, पण त्याआधी देव सापडेल. तीन स्टेशनं, दोन कन्बिनी आणि एक बाग मी त्या पिशवीसकट पालथी घातली. कन्बिनी म्हणजे तिथली चोवीस तास उघडी दुकानं. एकीत पेटी होती, पण त्यावर चार भोकं आणि चार चित्रं, आणि करपलेल्या बेसनाचं चित्र कुठेच नव्हतं. शेवटी त्सुकुबाच्या जलद गाडीत बसल्यावर माझ्या मनात पाप आलं. पिशवी वरच्या फळीवर ठेवायची आणि उतरताना विसरायची. माणूस विसरतो. वय झालंय.

मी दोन्ही पिशव्या फळीवर ठेवल्या. त्सुकुबा आलं. आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा करत होतो. समोरच्या आजीबाई माझ्याकडे बघतायत असं वाटलं. एक पिशवी ओढली आणि चोरासारखा गाडीबाहेर पळालो. जिन्यावर येऊन पिशवी उघडली तर आत कोळसा.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीपाशी पांढरे हातमोजे घातलेले एक गृहस्थ होते. शेवटचंच स्टेशन असल्याने पिशवी माझ्याआधी त्यांच्यापाशी पोचलीही होती. मी आनंदाने "माझा!" म्हणून हात पुढे केला. त्यांनी भाषांतराचं यंत्र पुढे केलं. तुमचं नाव? मी पासपोर्ट दिला. त्यांनी डब्यावरच्या कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हे काय लिहिलं आहे?

मी तिथे काहीही सांगू शकलो असतो. त्यांना देवनागरी येत नव्हती. पण नाव वाचायची सवय इतकी, की मी सरळ वाचलं.

"आपण प्रभावती-सान का?"

"नाही."

"मग प्रभावती-सान कुठे आहेत?"

"पुण्यात."

गृहस्थांनी विचार केला. वस्तू मालकालाच देता येते, किंवा मालकाच्या घरच्या माणसाला. प्रभावती-सानना येणं सोयीचं होईल का? मी त्यांना काकूंचा गुडघा समजावून सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काका!"

नचिकेत. घ्यायला आला होता. मी त्याला शेवटचं बघितलं तेव्हा तो काळ्याभोर केसांचा होता. आता कानांपाशी पांढरे झाले होते. डबा खिडकीत अडलाय हे कळल्यावर तो हसला, खिडकीशी गेला आणि आपलं ओळखपत्र दिलं. आडनाव जुळलं. तरी नियम होता : आत काय आहे ते सांगा.

नचिकेत सांगायला लागला. माझ्यासाठी म्हणून तो मध्ये मध्ये मराठीतही बोलत होता, आणि तो थांबला असता तर बरं झालं असतं.

"बेसनाचे लाडू. प्रत्येकावर एक बेदाणा, पण मधोमध नाही, थोडा डावीकडे. आईचा अंगठा तसा वळतो. आणि डबा झाकणापर्यंत भरलेला असणार. आई अर्धा डबा कधी पाठवत नाही."

गृहस्थांनी मान लववली, दोन्ही हातांनी झाकण काढलं आणि आत बघितलं. एक लाडू. बेदाणा थोडा डावीकडे.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते आत गेले आणि एका वरिष्ठांना घेऊन आले. वरिष्ठांनी डब्यात बघितलं आणि ते दोघेही कमरेतून वाकले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं, तरी मला कळलं होतं.

"म्हणतायत, आमच्या गाडीत प्रवाशाच्या वस्तूचं नुकसान झालं, हे फार लाजिरवाणं आहे," नचिकेत गोंधळून म्हणाला. "ते चौकशी करणार आहेत. गाडी साफ करणाऱ्यांना बोलावतायत."

निळ्या गणवेशातली एक बाई बाहेर आली, हातात फडकं. पन्नाशीची असेल. तिने डब्याकडे बघितलं आणि काही न विचारताच तीही वाकली.

बाळासाहेबांचं कस्टम माझ्या जिभेवर तयार होतं. पण कस्टमला तोंड नसतं, आणि ही बाई समोर उभी होती.

"नचिकेत," मी म्हणालो, "त्यांना सांग, मी खाल्ले."

"काय?"

"लाडू. मी खाल्ले. रोज. गाडीचा काही संबंध नाही."

नचिकेतने डब्याचं झाकण लावलं. मग वळला आणि अगदी थोडक्या शब्दांत त्याने ते जपानीत सांगितलं. तिघंही सरळ उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्यांवर एवढी सुटका मी जपानभर बघितली नव्हती. हातमोजेवाले गृहस्थ माझ्याकडे वळून हसले आणि काहीतरी विचारलं.

"विचारतायत," नचिकेत खाली बघत म्हणाला, "चांगले झाले होते का."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार! फार चांगले झाले होते.

नचिकेतच्या मोटारीतून आम्ही घरी निघालो. मी माशाच्या पाण्याबद्दल सांगायला लागलो आणि मलाच ते ऐकवेना. मग तो म्हणाला, "काका, त्या दुसऱ्या पिशवीत काय आहे? वास येतोय."

मी सांगितलं.

"द्या ठेवून. आमच्याकडे उद्या कचऱ्याची गाडी आहे."

म्हणजे सहा वर्षांनी आईकडून आलेल्या माणसाने त्याला एक लाडू आणि किलोभर कचरा दिला.

घरी त्याची बायको मिहो होती. तिने माझ्यासाठी भेंडीची भाजी आणि पोळ्या केल्या होत्या. अनघाकडचं सोडलं तर माशाचा थेंब नसलेलं ते पहिलं धड जेवण, आणि मी एकाच पोळीवर हात आखडला. मधुरिमा, त्यांची मुलगी, टेबलाखालून माझे पाय बघत होती. नचिकेतने तो लाडू बशीत घालून तिच्यापुढे ठेवला.

"आजीने पाठवलाय. बघ खाऊन," तो म्हणाला आणि मला म्हणाला, "खाणार नाही. मागच्या वेळी पार्सलने आला तो थुंकला होता."

तिने आधी बेदाणा खाल्ला. मग लाडू फोडला. मग तो सगळा खाल्ला, बोटं चाटली आणि बशी पुढे केली. नचिकेतने स्वतः एक कणही घेतला नव्हता. तो रिकामा डबा तिरका करून तळाशी राहिलेला चुरा बोटाने टिपत होता.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर काकूंचं कपाळ आणि त्यांच्या घरातला पंखा.

"पोचले का शिरीषराव? डबा पोचला?"

"पोचला, आई," नचिकेत म्हणाला.

"मोत्तो," मधुरिमा बशी हलवत म्हणाली. "पापा, मोत्तो!"

"काय म्हणतेय ती?"

नचिकेतने डबा जवळ ओढला. दोन आठवड्यांत मी जे चार जपानी शब्द शिकलो त्यातला तो एक होता.

"अजून मागतेय, काकू," मी म्हणालो.

काकूंचं कपाळ खाली गेलं आणि पहिल्यांदाच पूर्ण चेहरा पडद्यावर आला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. "अगं बाई! आवडले तिला? अरे मग दे ना, नचिकेत! बघत काय बसलास? डबाभर आहेत! दोन दे!"

नचिकेत उठला, डबा घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच थांबला.

"काकू," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय..."

"तुम्ही काही बोलू नका, शिरीषराव. नयना सांगत होती, तिकडे तुम्हाला खायला मिळत नाही म्हणून. पँट ढिली झाली म्हणे. मी तिला म्हटलं, अगं हातात माझा डबा आहे, खायचे की दोन! तर तीच म्हणाली, छे, ते दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचे नाहीत. माणूस तसा आहे."

ह्यानंतर मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत आहे. तिथे फडकंवाल्या बाईसमोर बोललो, इथे नाही बोललो. "जेवलात का?" असं विचारलं. मधुरिमा डबा गेला त्या दिशेने बघून रडायला लागली आणि मिहो तिला आत घेऊन गेली.

आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. नचिकेत ते विसरला नव्हता. त्याने डबा आईसाठी काहीतरी घालून झाकणापर्यंत भरला आणि भोवती चिकटपट्टी गुंडाळली. एकदा, दोनदा, मग आणखी एकदा. "विमानात उघडू नये म्हणून," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं नाही. विमानतळाच्या बसपाशी मात्र तो वाकून माझ्या पाया पडला. मी "नको रे" म्हणालो, काकूंच्या फोननंतर ते तेवढं एक खरं बोललो.

विमानतळावर सामानाच्या तपासणीत डबा अडला. गणवेशातल्या मुलीने तो दोन्ही हातांनी उचलून विचारलं, हा तुमचा का?

"नाही," मी म्हणालो. "वर नाव आहे."

नाव वाचून दाखवलं, सगळं. मग आत काय आहे?

"माहीत नाही. मी उघडलेला नाही."

तिने मला बाजूला घेतलं. चिकटपट्टी कापली, झाकण काढलं, आत नीट बघितलं. मग होतं तसं, एकही वस्तू न हलवता, झाकण लावलं, नवी पट्टी चिकटवली आणि डबा माझ्या हातात दिला. एवढंच करायचं असतं.